विश्लेषण : बेरोजगारीची मदत घेताना धंदा सुरू करता येतो का? महाड-पोलादपूरच्या कामगारांपुढचा पेच

महाड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातली नोकरी गेली, की कामगारापुढे दोन वाटा असतात. एक मुंबई-पनवेलची, दुसरी गावातच काहीतरी टाकण्याची. वडापावची गाडी, छोटा टेम्पो, वेल्डिंगचे वर्कशॉप किंवा कंत्राटी कामगारांसाठी खानावळ. दुसरी वाट धरणाऱ्याला लगेच काही प्रश्न पडतात. ईएसआयकडून बेरोजगारीची मदत मिळते असे ऐकले आहे, ती घेत असताना धंदा सुरू केला तर चालतो का? मदत बंद होते का? घेतलेले पैसे परत द्यावे लागतात का? नियम काय सांगतात, नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी काय बदलले आणि कोणते पाऊल आधी टाकणे फायद्याचे, याचा हा आढावा.

महाराष्ट्रात ‘बेरोजगारी भत्ता’ आहे का?

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘प्रत्येक बेरोजगाराला महिना पाच हजार’ अशा अर्थाचे संदेश आणि अर्जाच्या लिंक अधूनमधून फिरत असतात. नोकरी गेलेल्या प्रत्येकाला सरसकट मासिक भत्ता देणारी अशी योजना महाराष्ट्रात नाही. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत २०२४ पासून शिक्षणानुसार महिना सहा, आठ आणि दहा हजार रुपये दिले जातात, पण ते एखाद्या आस्थापनेत प्रशिक्षणार्थी म्हणून काम केल्याचे विद्यावेतन आहे, बेरोजगारीचा भत्ता नव्हे. रोजगार हमीच्या कायद्यात मागणी करूनही मुदतीत काम न मिळाल्यास भत्त्याची तरतूद राहिली आहे, पण ती अंगमेहनतीच्या कामाची मागणी करणाऱ्या ग्रामीण कुटुंबांसाठी. कारखान्यातल्या कामगाराला तिचा उपयोग नाही.

त्याच्या कामाच्या योजना दोनच, आणि दोन्ही कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या, म्हणजे ईएसआयसीच्या. पगारपत्रकावर ‘ईएसआय’ या नावाने ०.७५ टक्के रक्कम कापली जात होती का, हे म्हणून आधी पाहावे. १८ हजार रुपये पगार असेल तर ही कपात १३५ रुपये होते. मालकाला त्यात ३.२५ टक्के भरावे लागतात. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार या कक्षेत येतात. कंत्राटदारामार्फत कामावर असलेल्यांनाही ही योजना लागू आहे. मात्र कंत्राटदाराने वर्गणी खरोखर भरली का, हे विमा क्रमांकावरून तपासावे लागते.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत काय मिळते?

ही योजना १ जुलै २०१८ रोजी दोन वर्षांसाठी प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि तिला वेळोवेळी मुदतवाढ मिळाली. सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मदत मिळत असे. करोनाकाळात ती ५० टक्के झाली आणि नोकरी गेल्यानंतर ९० दिवस थांबण्याची अट ३० दिवसांवर आली. मालकाच्या सहीची वाट न पाहता कामगार थेट ईएसआयसीकडे दावा करू शकतो, हा बदलही तेव्हाचाच.

अटी थोडक्यात अशा. नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षे विमापात्र नोकरी हवी. लगतच्या वर्गणी कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी आणि त्याआधीच्या तीनपैकी एका कालावधीतही ७८ दिवसांची हवी. ईएसआयचा वर्गणी कालावधी सहा महिन्यांचा असतो. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. शिस्तभंगाच्या कारवाईत काढले असेल, स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल किंवा निवृत्तीचे वय झाले असेल, तर मदत नाही.

रक्कम किती? चार वर्गणी कालावधींतली, म्हणजे दोन वर्षांतली एकूण कमाई ७३० ने भागून रोजची सरासरी काढतात. १८ हजार पगाराच्या कामगाराची सरासरी सुमारे ५९२ रुपये येते. तिच्या निम्मे २९६ रुपये. ९० दिवसांचे साधारण २६ हजार ६०० रुपये. २१ हजार पगार असेल तर सुमारे ३१ हजार. ही मदत आयुष्यभरात मिळून कमाल ९० दिवसांची आहे. म्हणजे हे तीन महिन्यांच्या किराण्याचे पैसे आहेत, धंद्याच्या भांडवलाचे नाहीत.

राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना वेगळी कशी?

ही योजना १ एप्रिल २००५ पासून आहे आणि महाडसारख्या औद्योगिक पट्ट्यात ती जास्त महत्त्वाची, तरी तिची चर्चा कमी होते. कारखाना बंद पडला, कामगार कपात झाली किंवा कामाशी संबंधित नसलेल्या दुखापतीमुळे किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व आले, तर ती लागू होते. भत्ता कमाल २४ महिने मिळतो. पहिले १२ महिने सरासरी वेतनाच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. १८ हजार पगार धरला तर पहिल्या वर्षी महिना सुमारे नऊ हजार, दुसऱ्या वर्षी साडेचार हजार. दोन वर्षांत मिळून ही रक्कम दीड लाखाच्या पुढे जाते.

याहून मोठा भाग म्हणजे भत्ता सुरू असेपर्यंत कामगाराला आणि कुटुंबाला ईएसआयचे वैद्यकीय उपचार मिळत राहतात. घरात मधुमेहाचा किंवा डायलिसिसचा रुग्ण असेल तर महिन्याच्या भत्त्यापेक्षा याची किंमत अधिक असू शकते. नवे कौशल्य शिकण्यासाठी प्रशिक्षणाची तरतूदही या योजनेत आहे. एकाच वेळी या आणि अटल योजनेचा लाभ मात्र घेता येत नाही. कारखाना बंद पडला असेल किंवा रीतसर कपात झाली असेल, तर कोणत्या योजनेत अर्ज करायचा हे आधी ठरवले पाहिजे. घाईने तीन महिन्यांचा दावा टाकण्यापूर्वी २४ महिन्यांच्या योजनेची पात्रता तपासणे शहाणपणाचे.

मदत सुरू असताना धंदा सुरू केला तर?

खरा पेच इथे आहे. दोन्ही योजनांची कल्पना ‘नोकरी गेली, पुन्हा नोकरी लागेपर्यंत आधार’ एवढीच आहे. राजीव गांधी योजनेत दुसरीकडे पुन्हा काम मिळाले की भत्ता बंद होतो. अटल योजनेत मदत बेरोजगार असलेल्या दिवसांचीच आहे. पण नोकरी न शोधता स्वतःचा धंदा उभा करू पाहणाऱ्या कामगारासाठी दोन्हींत वेगळी वाट ठेवलेली नाही. ‘पहिले सहा महिने धंदा चालवा, भत्ता चालू राहील’ अशी सवलत नाही. उरलेला भत्ता एकरकमी भांडवल म्हणून मागण्याची सोयही नाही.

त्यामुळे सरळ हिशेब असा : ज्या दिवसापासून धंद्यातून कमाई सुरू झाली, त्या दिवसापासून ‘मी बेरोजगार आहे’ असे लिहून देता येत नाही. मात्र त्याआधीच्या दिवसांचा हक्क बुडत नाही. अटल योजनेत दावा मागच्या दिवसांचा करायचा असतो, पुढच्या दिवसांचा करताच येत नाही. नोकरी गेल्यापासून वर्षभरात तो दाखल करता येतो. म्हणजे ६० दिवस घरी बसलेल्या आणि ६१व्या दिवशी गाडी लावलेल्या कामगाराने ६० दिवसांचाच दावा करावा. ९० दिवसांचा केला तर तो खोटा ठरतो.

खोट्या माहितीची किंमत मोठी आहे. जुन्या ईएसआय कायद्याच्या कलम ८४ मध्ये खोटे निवेदन देऊन लाभ घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंडाची तरतूद होती आणि घेतलेली रक्कमही परत द्यावी लागत असे. या कलमाखाली दोषी ठरलेला राजीव गांधी योजनेच्या भत्त्यालाही अपात्र ठरतो. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही खोट्या निवेदनासाठी शिक्षा कायम आहे. आज आधार, बँक खाते, पॅन, उद्यम नोंदणी आणि जीएसटी एकमेकांशी जोडलेले आहेत. उद्यम नोंदणी करताना व्यवसाय सुरू झाल्याची तारीख विचारली जाते. तिथे एक तारीख आणि दाव्यात दुसरी, ही विसंगती पकडली जायला आता कोणी तक्रार करण्याचीही गरज उरलेली नाही.

मग बेरोजगारीच्या काळात काय करता येते? तयारी. प्रशिक्षण घेणे, प्रकल्प अहवाल बनवणे, बँकेत चौकशी करणे, सबसिडीच्या योजनेत अर्ज करणे, गाळा पाहणे, कोटेशन घेणे. यातले काहीही कमाई नाही. आघाडीच्या बँकेमार्फत जिल्ह्यात चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, मोफत निवासी प्रशिक्षण मिळते. मदतीचे ९० दिवस या कामात गेले तर ते वाया गेले असे म्हणता येणार नाही.

धंदा बायकोच्या नावावर घातला तर?

हा सल्ला नाक्यावर सर्रास मिळतो. पत्नी खरोखर खानावळ चालवत असेल, खरेदी-विक्री आणि बँक खाते तिचे असेल, तर ती तिची कमाई आहे. नवऱ्याच्या बेरोजगारीवर त्याचा परिणाम होण्याचे कारण नाही. पण नाव तिचे आणि दिवसभर टेम्पोवर तो, असे असेल तर ते नियमातून पळवाट काढणे झाले. पकडले गेल्यावर दोघांचे नुकसान होते. शिवाय पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात पती-पत्नी मिळून एका कुटुंबाला एकच प्रकल्प मिळतो. आज कागदापुरता पत्नीच्या नावे छोटा प्रकल्प घेतला, तर उद्या मोठ्या वर्कशॉपसाठी दार बंद झालेले असते.

‘राजीनामा लिहून द्या’ म्हटले तर?

या सगळ्या हिशेबाचा पाया नोकरी कशी गेली, यावर आहे. अनेकदा कामगाराला कपातीचे पत्र न देता राजीनाम्याच्या कागदावर सही करायला सांगितले जाते. ‘पूर्ण हिशेब लगेच मिळेल’ हे त्यासाठीचे आमिष असते. त्या एका सहीने नोकरी ‘गेली’ याऐवजी ‘सोडली’ असे होते. मग कपातीची भरपाई मागता येत नाही, राजीव गांधी योजनेचा आधार सुटतो आणि अटल योजनेच्या दाव्यालाही हरकत निघू शकते.

रीतसर कपातीत एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला एका महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळतो. १८ हजार पगार आणि आठ वर्षे सेवा असेल तर ही रक्कम ७० हजारांच्या वर जाते. पाच वर्षे पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी. धंद्याचे पहिले भांडवल अनेकदा हेच असते. राजीनाम्याच्या कागदावर ते सोडून देणे म्हणजे दुकान उघडण्याआधीच गल्ला रिकामा करणे.

कामगार संहितांनी काय बदलले?

चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाल्या. स्वतःचा धंदा करू पाहणाऱ्यासाठी त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली म्हणजे पुनर्कौशल्य निधी. औद्योगिक संबंध संहितेनुसार कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने शेवटच्या पगाराच्या हिशेबाने १५ दिवसांचे वेतन या निधीत भरायचे आहे. ते कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हायला हवे. कपातीच्या भरपाईहून हे वेगळे. १८ हजार पगार असेल तर नऊ-दहा हजार रुपये. रक्कम लहान असली तरी नवे काम शिकण्यासाठी म्हणून कायद्याने दिलेला हा पैसा आहे. वेल्डिंगवाल्याला मशीन दुरुस्ती किंवा एसी-फ्रिज दुरुस्ती शिकायला तो पुरू शकतो.

दुसरी गोष्ट ईएसआयची व्याप्ती. पूर्वी ही योजना अधिसूचित भागांपुरती होती. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी ती आता देशभर आहे. घातक प्रक्रिया चालणाऱ्या ठिकाणी एक कर्मचारी असला तरी ती अधिसूचना काढून लागू करता येते. रासायनिक कारखान्यांच्या महाडमध्ये ही तरतूद बारकाईने वाचली पाहिजे. दुसरी बाजूही आहे. ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कपातीसाठी किंवा बंद करण्यासाठी आता सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही. पूर्वी ही मर्यादा केंद्रीय कायद्यात १०० होती. म्हणजे नोकरी जाण्याची शक्यता वाढली, आणि त्यानंतरचा आधार मात्र ९० दिवस किंवा २४ महिन्यांच्या जुन्याच चौकटीत राहिला.

पीएफ काढून धंद्यात घालावा का?

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याचे नियम बदलण्याचा निर्णय घेतला. पूर्वी नोकरी गेल्यावर एका महिन्याने ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेली रक्कम काढता येत असे. नव्या निर्णयात ७५ टक्के लगेच आणि उरलेले २५ टक्के बारा महिन्यांनंतर, अशी रचना आहे. पेन्शन खात्यातली रक्कम काढण्यासाठीची मुदत दोन महिन्यांवरून ३६ महिन्यांवर नेली आहे. यावर टीका झाली, पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. आठ वर्षे झालेल्या कामगाराने पेन्शनचे पैसे काढून घेतले तर पुढच्या नोकरीत पुन्हा पहिल्यापासून मोजणी सुरू होते. पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट घेतले तर ती आठ वर्षे जमा राहतात.

पीएफवर बँकेच्या ठेवीपेक्षा सहसा जास्त व्याज मिळते आणि सबसिडीचे कर्ज उपलब्ध असताना सगळा पीएफ दुकानात ओतणे धोक्याचे. धंदा बसला तर म्हातारपणही बसते.

सबसिडीसाठी ‘आधी अर्ज, मग बोर्ड’ का?

पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रम आणि २०१९ मध्ये सुरू झालेला राज्याचा मुख्यमंत्री रोजगारनिर्मिती कार्यक्रम हे भांडवलाचे दोन मुख्य मार्ग आहेत. या योजनांत अर्जदार बेरोजगार असल्याचा भत्ता वगैरे लागत नाही, आणि ईएसआयची मदत घेतली म्हणून अपात्रताही येत नाही. पण एक अट कळीची आहे : प्रकल्प नवा हवा. आधीच सुरू असलेल्या युनिटला पंतप्रधान कार्यक्रमातून सबसिडी मिळत नाही.

म्हणजे घाई करणारा दोन्हीकडून अडकतो. महिनाभरात शटर उघडले तर बेरोजगारीची मदत थांबते, आणि सुरू असलेला धंदा म्हणून सबसिडीही हुकते. उलट दोन-तीन महिने तयारीत घालवून, कर्ज मंजूर झाल्यावर धंदा उघडणाऱ्याला त्या दिवसांची मदतही मिळते आणि सबसिडीही.

हिशेब पाहू. बिरवाडीत आठ लाखांचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप टाकायचे आहे. पंतप्रधान कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण प्रवर्गाला २५ टक्के म्हणजे दोन लाख सबसिडी, स्वतःचा वाटा दहा टक्के म्हणजे ८० हजार. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना ३५ टक्के म्हणजे दोन लाख ८० हजार आणि स्वतःचा वाटा पाच टक्के म्हणजे ४० हजार. हेच वर्कशॉप शहरी हद्दीत टाकले तर सबसिडी अनुक्रमे १५ आणि २५ टक्क्यांवर येते. ग्रामपंचायतीची हद्द ग्रामीण धरली जाते, महाड नगर परिषद आणि पोलादपूर नगरपंचायतीची शहरी. गाळा कोणत्या हद्दीत आहे यावर ८० हजारांचा फरक पडतो. गाळ्याचे भाडे ठरवण्याआधी हे पाहिलेले बरे.

सबसिडी हातात मिळत नाही. ती बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते आणि धंदा चालू राहिला तरच कर्जात वळती होते. आठ लाखांच्या प्रकल्पाला शिक्षणाची अट नाही. उत्पादन क्षेत्रात दहा लाखांवर आणि सेवा क्षेत्रात पाच लाखांवर आठवी पास लागते. कोकम, फणस, आंबा, तांदळाचे पीठ अशा अन्नप्रक्रियेसाठी कृषी विभागामार्फत चालणारी सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना वेगळी आहे. तिच्यात ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये सबसिडी आहे. वडापावच्या गाडीसारख्या लहान कामाला मुद्रातले ५० हजारांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज पुरते. सुतार, लोहार, गवंडी, शिंपी अशा १८ पारंपरिक व्यवसायांसाठी विश्वकर्मा योजनेत पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख आणि नंतर दोन लाखांचे कर्ज आहे.

गिरणी कामगारांचा अनुभव काय सांगतो?

महाड-पोलादपूरच्या कित्येक घरांतली आधीची एक पिढी मुंबईच्या गिरण्यांत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख कामगारांना कामाबाहेर बसवले आणि अनेकांना गावाकडे परतावे लागले. तेव्हा बेरोजगारीचा भत्ता नव्हता. राजीव गांधी योजना यायला आणखी २३ वर्षे होती. पुढे गिरण्या बंद होत गेल्या तेव्हा स्वेच्छानिवृत्तीची एकरकमी रक्कम हाच मार्ग उरला. केंद्राने १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन केला. कामगारांचे समुपदेशन, पुन्हा प्रशिक्षण आणि नव्या कामात बसवणे हा त्याचा उद्देश होता. प्रत्यक्षात निधीचा मोठा भाग स्वेच्छानिवृत्तीचे पैसे देण्यातच गेला.

हाती पैसे आले, पण ते कशात आणि कधी घालावे हे सांगणारी यंत्रणा आली नाही. घरदुरुस्ती, लग्न, आजारपण, कर्जफेड यांत ते संपले. धंदा करू पाहणाऱ्या कामगाराला रकमेइतकाच मुदतीचा आधार लागतो, म्हणजे धंदा जम धरेपर्यंत घर चालवणारे काही महिने. हा धडा तेव्हाचा आहे, आणि आजच्या दोन्ही योजनांत तो अजून उतरलेला नाही.

इतर देशांत काय होते?

जर्मनीत बेरोजगारी विम्याचा भत्ता घेणाऱ्याला धंदा सुरू करण्यासाठी वेगळे अनुदान आहे. किमान १५० दिवसांचा भत्ता शिल्लक असेल आणि धंदा चालण्याजोगा आहे असे तज्ज्ञ संस्थेने लिहून दिले, तर सहा महिने भत्त्याइतकी रक्कम आणि वर ३०० युरो मिळतात. पुढचे नऊ महिने फक्त ३०० युरो, तेही धंदा सुरू आहे हे दाखवल्यावर. फ्रान्समध्ये उरलेल्या भत्त्याच्या ६० टक्के रक्कम दोन हप्त्यांत भांडवल म्हणून घेता येते. स्पेनमध्येही भत्ता एकरकमी घेऊन स्वयंरोजगारात घालण्याची सोय आहे. ब्रिटनने १९८०च्या दशकात नवा धंदा करणाऱ्या बेरोजगाराला वर्षभर आठवड्याला ४० पौंड दिले. त्यासाठी स्वतःचे एक हजार पौंड दाखवावे लागत. बरेच धंदे टिकले नाहीत, अशी टीका त्या योजनेवर झाली. म्हणूनच जर्मनीतील चालण्याजोगेपणाच्या दाखल्याला अर्थ आहे.

भारतात असे करायला नवा कायदा लागेलच असे नाही. राजीव गांधी योजनेत २४ महिने आधीच मंजूर आहेत. प्रशिक्षण पूर्ण करून, बँकेने मंजूर केलेला प्रकल्प दाखवणाऱ्याला पहिले सहा महिने भत्ता आणि वैद्यकीय उपचार चालू ठेवले, तर विमा निधीवर पडणारा बोजा नोकरी न मिळालेल्या कामगारापेक्षा जास्त होणार नाही. आज मात्र नियमाचा संदेश उलटा आहे : काही करू नका, तरच मदत.

महाडमध्ये धंदा काढताना वेगळे काय पाहायचे?

पूर. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीच्या पाण्याने महाडची बाजारपेठ बुडाली. त्याच संध्याकाळी तळिये गावावर दरड कोसळली आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे गेली. त्यानंतर राज्य सरकारने दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, पण कमाल ५० हजार रुपये जाहीर केले. टपरीधारकांना कमाल दहा हजार. आठ लाखांचे यंत्र पाण्यात गेले तर ५० हजारांत काय होणार, हे वेगळे सांगायला नको. कर्ज देणारी बँक बहुतेक वेळा यंत्राचा विमा उतरवते, पण त्यात पुराचा समावेश आहे का आणि माल धरला आहे का, हे पॉलिसीत वाचून घ्यावे लागते. नोंदणीकृत दुकान आणि नोंद नसलेली गाडी यांना मिळणाऱ्या भरपाईतला फरकही तेव्हा दिसला. गुमास्ता कायद्याखालची सूचना, उद्यम नोंदणी, खाद्यपदार्थ असतील तर अन्न परवाना, ही कागदपत्रे अशा वेळी कामाला येतात. उद्यम नोंदणी मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहावे.

मग क्रम काय असावा?

कपातीचे लेखी पत्र घ्यावे, राजीनाम्यावर सही करण्याआधी युनियनचा किंवा कामगार कार्यालयाचा सल्ला घ्यावा. विमा क्रमांकावर वर्गणीचे दिवस तपासावे. कारखाना बंद किंवा कपात असेल तर आधी राजीव गांधी योजना पाहावी, अन्यथा ३० दिवसांनंतर अटल योजनेचा दावा करावा. याच दिवसांत प्रशिक्षण, प्रकल्प अहवाल आणि सबसिडीचा अर्ज उरकावा. पुनर्कौशल्य निधीचे पैसे ४५ दिवसांत खात्यावर आले का, ते पाहावे. पेन्शनची सेवा मोडू नये. घरात कोणाचे औषधोपचार सुरू असतील, तर भत्ता थांबण्याआधी दुसऱ्या आरोग्य योजनेची सोय करावी. कर्ज मंजूर झाल्यावर शटर उघडावे आणि त्या तारखेपर्यंतच्याच दिवसांची मदत मागावी. ती तारीख दाव्यात, उद्यम नोंदणीत आणि बँकेच्या कागदांत एकच असावी.